वाढीव खोलीवर कोणते छप्पर घालावे?

शिगमो आटोपला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांत घरोघरी बांधकामाची बोलणी सुरू होतात. चिऱ्यांचे ट्रक येऊ लागतात, गवंडी आणि सुतार मिळेनासे होतात आणि मिरगाच्या आत काम उरकले पाहिजे म्हणून सर्वांची घाई उडते. कुणाला मुलीच्या अभ्यासासाठी वेगळी खोली हवी असते. कुणाला आजी-आजोबांसाठी न्हाणीला जोडून निजण्याची सोय करायची असते. मोपा येथे ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागल्यानंतर पेडणे तालुक्यात भाड्याने देण्यासाठी एक खोली वाढवावी, असा विचार करणारी घरेही पुष्कळ आहेत.

भिंती उभ्या राहिल्या की प्रश्न येतो तो छपराचा. स्लॅब घालायचा, कौले चढवायची की पत्रा टाकायचा? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर शेजारच्या घराकडे बघून किंवा हातात उरलेल्या पैशांवरून दिले जाते. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न पाया खणण्यापूर्वी विचारला पाहिजे. कारण वाढीव खोलीचे छप्पर एकटे नसते. ते जुन्या घराला जोडलेले असते आणि तो सांधा चुकला तर नव्या खोलीपेक्षा जुन्या घराचेच नुकसान अधिक होते. म्हणून साहित्याच्या निवडीआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: पाणी कोणत्या वाटेने जाणार आणि भार कोण उचलणार. पालकांना, विद्यार्थ्यांना आणि शाळेच्या इमारतींची काळजी वाहणाऱ्या विश्वस्तांनाही उपयोगी पडेल अशी ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

पाण्याचे गणित

आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या बाजूला सरकावे तसा तो वाढत जातो. विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. त्यावर तीन मीटर पाऊस पडला तर एका पावसाळ्यात ३३ घनमीटर, म्हणजे ३३ हजार लिटर पाणी त्या एका खोलीच्या छपरावर येते. दहा हजार लिटरचे टँकर मोजले तर तीन टँकर भरून वर उरेल एवढे हे पाणी आहे.

आता यात जुन्या छपराचे पाणी मिळवा. घराच्या मागच्या बाजूचा उतार तीनशे चौरस फुटांचा असेल आणि त्याची वळचण नव्या छपरावर सोडली असेल, तर नव्या छपराने एकूण ४२० चौरस फुटांचे पाणी वाहून न्यायचे असते. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने सर पडली, आणि आषाढात अशा सरी येतातच, तर मिनिटाला सुमारे ३२ लिटर पाणी त्या सांध्यावरून धावते. म्हणजे दर मिनिटाला दोन मोठ्या बादल्या. ज्या फटीतून त्यातले शंभरावा भाग पाणी जरी आत शिरले, तरी तासाभरात एक बादली भिंतीत मुरली असे समजावे.

हे पाणी मुरते कुठे? आपल्या दोन्ही तालुक्यांत अजून मातीच्या भिंतींची घरे बरीच आहेत. काही घरांना बाहेरून चिरा आहे, पण आतल्या भिंती मातीच्या आहेत. मातीची भिंत कोरडी असेपर्यंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. तिला वरून चांगली टोपी आणि खाली चांगला जोता मिळाला की तिची काही तक्रार नसते. पण एकदा ती आतून भिजली की ताकद जाते आणि पुष्कळदा ती पाऊस चालू असताना न पडता एक-दोन दिवसांनी, रात्री, अचानक बसते. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली आणि पेडणे या भागांत पूर आला, तेव्हा शेकडो घरांची पडझड झाली. तो पूर नद्यांचा होता. आपण बोलतो आहोत ते छपरावरच्या पाण्याबद्दल. पण मातीच्या भिंतीला पाणी खालून आले काय आणि वरून आले काय, सारखेच.

जुन्या छपरांनी काय ठरवले होते

पूर्वी गरिबांच्या घरांवर भाताचा पेंढा, गवत किंवा विणलेली माडाची झावळे असत आणि ती दरवर्षी बदलावी लागत. ज्यांना झेपे त्यांच्या घरांवर कुंभाराने चाकावर घडवलेली अर्धगोल नळ्यांची कौले असत. आपली डिचोली तर कुंभारकामासाठी गोव्यात प्रसिद्ध आहे. ही नळ्यांची कौले एकमेकांवर नुसती टेकवलेली असतात. वारा, मांजर, माकड यांनी ती सरकतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी सगळे छप्पर परतावे लागे.

आज आपण ज्यांना मंगळुरी कौले म्हणतो त्यांचा जन्म मात्र युरोपात झाला. एकमेकांत खाचेने अडकणारे सपाट कौल फ्रान्समधील आल्सेस प्रांतात गिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली काढले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा पहिला कारखाना सुरू केला. तेथील नद्यांच्या काठची माती या कामाला उत्तम निघाली आणि पुढे अनेक कारखाने उभे राहिले. समुद्रमार्गाने ही कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. खाच असल्यामुळे कौल सरकत नाही, नळ्यांपेक्षा कमी कौले लागतात आणि छप्पर हलके होते. म्हणून ती टिकली.

पण साहित्य बदलले तरी उतार बदलला नाही. पेडण्यातील देशप्रभूंचा वाडा पाहा किंवा नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहा. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेल्या या देवळाचे जतनाचे काम पुरे होऊन २०२३ साली ते पुन्हा लोकार्पण झाले. तेथेही उतरती कौलारू छपरेच आहेत. वाडा असो, देऊळ असो की साधे शेतकऱ्याचे घर, आपल्याकडे छपराचा पहिला धर्म एकच मानला गेला: पाणी थांबू द्यायचे नाही आणि भिंतीपासून दूर टाकायचे.

नऊ फुटांची वळचण

आता मुख्य अडचणीकडे येऊ. मंगळुरी कौलांना आपल्या पावसात साधारण तीस अंशांचा उतार हवा. सुताराच्या भाषेत सांगायचे तर दर फुटाला सात इंच. उतार याहून फार कमी केला तर वाऱ्याबरोबर पाणी खाचेतून उलटे वर चढते आणि आत ठिबकते.

समजा, जुन्या घराची वळचण जमिनीपासून नऊ फूट उंच आहे. त्याच उताराने कौले पुढे वाढवून दहा फूट रुंदीची खोली काढायची ठरवली. दहा फुटांत छप्पर सत्तर इंच, म्हणजे पाच फूट दहा इंच खाली येते. बाहेरच्या भिंतीजवळ उंची उरते तीन फूट दोन इंच. तेथे उभे राहता येणार नाही, खिडकीही बसणार नाही. जुन्या घरांच्या पडव्या पाच-सहा फुटांच्याच का असतात, ते यावरून कळते. सहा फुटांत छप्पर साडेतीन फूट उतरते आणि कडेला साडेपाच फूट उंची राहते. मोठ्या माणसाने थोडे वाकून आत यायचे, एवढाच काय तो त्रास. पडवीची रुंदी आवडीनिवडीने नव्हे, कौलाच्या उताराने ठरवली होती.

पत्र्याला उतार कमी चालतो. दर फुटाला दोन ते तीन इंच दिले तर दहा फुटांत छप्पर वीस ते तीस इंचच उतरते आणि कडेला साडेसहा ते सव्वासात फूट उंची मिळते. वाढीव खोल्यांवर पत्रे का दिसतात याचे खरे कारण हे आहे. स्वस्ताई हे दुसरे कारण. स्लॅबला तर उंची गमवावीच लागत नाही.

म्हणजे कौले घालायचीच नाहीत का? तसे नाही. तीन वाटा आहेत. पहिली, खोली सहा फुटांची ठेवून तिचा स्वयंपाकाची मागची बाजू, न्हाणी किंवा कोठी म्हणून उपयोग करणे. दुसरी, नव्या खोलीला जुन्या छपराशी काटकोनात स्वतंत्र दुपाखी छप्पर देणे. दहा फुटांची रुंदी मधोमध विभागली की प्रत्येक पाख पाच फुटांचे होते आणि उतार फक्त दोन फूट अकरा इंच लागतो. बाजूच्या भिंती साडेसात फुटांच्या ठेवता येतात. मात्र नवे आढे जुन्या उताराला जेथे मिळते तेथे दोन्ही बाजूंना पन्हळ तयार होते आणि ती नीट करावी लागते. तिसरी वाट, नवी खोली तीन-चार फूट अंतर सोडून वेगळी बांधणे आणि मधल्या जागेवर लहानसे आच्छादन घालणे. जुनी भिंत मातीची असेल आणि जागा असेल तर ही तिसरी वाट सर्वांत सुरक्षित. जुन्या घराला हातच लागत नाही.

भार कोणावर?

त्याच १२० चौरस फुटांच्या खोलीसाठी वजनाची तुलना करू. पाच इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब साडेतीन टनांच्या आसपास भरतो. गिलावा आणि वॉटरप्रूफिंगचा थर वेगळा. कौलांना उतारामुळे थोडे जास्त क्षेत्र लागते. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले या हिशेबाने सुमारे दोनशे कौले लागतील आणि एकेक कौल दोन-अडीच किलोचे धरले तर वजन चारशे ते पाचशे किलो. पावसात कौल पाणी पिते, तेव्हा ते आणखी वाढते. वासे आणि रिपा वेगळ्या. लोखंडी रंगीत पत्र्यांचे वजन साठ किलोच्या आसपास. म्हणजे स्लॅब कौलांच्या सातपट आणि पत्र्याच्या पन्नासपटीहून अधिक जड झाला.

यातून एक नियम निघतो आणि तो आम्ही ठासून सांगू इच्छितो. नव्या स्लॅबची एक कड जुन्या मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर टेकवू नये. खर्च वाचतो म्हणून असे केले जाते. भिंत तो भार पहिल्या वर्षी सोसते, कदाचित पाच वर्षे सोसते, पण ती एकदा भिजली की वरचे साडेतीन टन घेऊन खाली येते. स्लॅब घालायचा असेल तर चारही बाजूंना स्वतःचे खांब, स्वतःचा पाया आणि जुन्या भिंतीपासून थोडी फट, असेच काम करावे. नव्या-जुन्या पायांची खचण सारखी नसते, त्यामुळे दोन्ही एकजीव केले तर सांध्यावर चीर पडणारच. आखणी आणि सळ्यांचा हिशेब इंजिनिअरकडून करून घ्यावा. त्याची फी स्लॅबच्या खर्चाच्या मानाने फार नसते.

प्रत्येक छपराचे गुणदोष

कौलांखाली उन्हाळ्यात बसवते, कारण फटींतून गरम हवा वर निघून जाते. एखादे कौल फुटले तर तेवढेच बदलता येते. काचेची दोन कौले घातली की दिवसा दिवा लागत नाही. तोटे म्हणजे दरवर्षी माणूस वर चढवून तपासणी करावी लागते, नारळ पडला किंवा वानरांचा कळप गेला की फुटतूट होते आणि लाकडाला वाळवी लागते. माट्टी, किंदळ, फणस अशी लाकडे पूर्वी सहज मिळत, आता महाग झाली आहेत. परसातले झाड तोडून लाकूड काढायचे असल्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. म्हणून हल्ली लोखंडी पाइपचा सांगाडा करून त्यावर कौले घालतात. ही पद्धत चांगली आहे. फक्त सांगाड्याला आधी गंजरोधक रंग द्यावा, वेल्डिंगच्या जागा विसरू नयेत आणि रिपांचे अंतर प्रत्यक्ष आणलेल्या कौलांवरून घ्यावे.

कौलांबाबत एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मंगळूरचे बरेच जुने कारखाने बंद पडले आहेत आणि वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. कौल उलटे करून पाहिले तर मागे कारखान्याचे नाव किंवा खूण दिसते. एका पाखावर एकाच छापाची कौले ठेवावीत. जुनी चांगली कौले पुरत असतील तर ती सगळी एका बाजूला लावून नवी दुसऱ्या बाजूला लावावीत. विकत घेताना बोटाने टिचकी मारून पाहावी. चांगले भाजलेले कौल खणखणते. कच्चे किंवा चिरलेले कौल बद्द आवाज करते.

पत्रा हलका, झटपट बसणारा आणि कमी उतारावर चालणारा. पण भर दुपारी खाली भट्टी होते आणि सरीच्या वेळी एवढा आवाज होतो की समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. अभ्यासाची खोली किंवा आजाऱ्याची खोली असेल तर पत्र्याखाली छत करावे आणि छत व पत्रा यांच्यामध्ये हवा खेळायला दोन्ही टोकांना जाळी ठेवावी. वरून पांढरा किंवा फिका रंग निवडला तर उष्णता कमी होते. खिळे वा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात नव्हे, आणि रबरी वॉशर घालावेत. वादळात पत्रा खालून वर उचलला जातो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे आणि विजेचे खांब कोसळले, छपरेही उडाली. म्हणून कडेच्या ओळीत स्क्रू जवळ जवळ असावेत आणि सांगाडा भिंतीत बोल्टने घट्ट जखडलेला असावा.

सिमेंटच्या पत्र्यांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. यांतील पुष्कळ पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनंतर कर्करोगासारखे आजार होऊ शकतात आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार घातक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. आपल्या देशात असे पत्रे अजून विकले जातात. आमचे मत असे की नव्या खोलीवर ते घालू नयेत. जुने असतील तर ते कापू, घासू, फोडू नयेत. काढावे लागले तर पाणी मारून ओले करावेत आणि अखंड उतरवावेत. मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये. फुटके तुकडे अंगणात भर म्हणून टाकण्याची सवय तर अगदी सोडली पाहिजे.

स्लॅब मजबूत असतो, माकडांची भीती नाही, वर पुढे मजला चढवता येतो आणि आंबोशी, सुकी मासळी, मिरच्या वाळवायला जागा मिळते. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो. सपाट असला तरी त्यालाही उतार लागतोच. दहा फुटांना निदान सव्वा ते दीड इंच उतार पाण्याच्या नळीकडे द्यावा आणि नळ्या दोन ठेवाव्यात, कारण एक पानांनी तुंबतेच. काँक्रीट घातल्यावर आळी करून निदान दहा दिवस पाणी साठवून ठेवावे. मिरग जवळ आला म्हणून टेकू लवकर काढण्याची घाई करू नये. पुष्कळ घरांत काही वर्षांनी स्लॅब गळू लागतो आणि मग त्यावर पत्र्याची शेड येते. दोन छपरांचा खर्च करावा लागणार असेल तर आधीच उतरत्या छपराचा विचार केलेला बरा.

उतरता स्लॅब घालून त्यावर कौले लावण्याची पद्धतही आहे. ती दिसायला सुरेख असते आणि स्लॅबचे उन्हापासून रक्षण होते. परंतु त्यात भार दोन्हींचा पडतो आणि कौलांखालून हवा खेळत नसल्याने जुन्या कौलारू घराचा गारवा मिळेलच असे नाही.

किनारा आणि डोंगर

एकच उत्तर सर्व गावांना लागू पडत नाही. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनारी गावांत खारा वारा लोखंडाला खातो. तेथे साधा पत्रा लवकर गंजतो. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा चांगल्या लेपाचा पत्रा घ्यावा. स्लॅबमध्ये सळ्यांवर काँक्रीटचे पुरेसे आवरण ठेवावे आणि खारी रेती वापरूच नये. सळी गंजली की फुगते आणि खालचा गिलावा पोपडे धरून पडतो.

डिचोली तालुक्यात साखळी, मये, पाळी या बाजूला पाऊस अधिक आणि झाडी दाट. शिवाय खाणपट्ट्यातील गावांत ट्रकांची लाल धूळ छपरावर बसते. पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन पन्हळी भरतात. अशा ठिकाणी पन्हळ रुंद, हात जाईल अशी असावी आणि मे अखेर ती धुऊन काढावी.

सांधा

नवे छप्पर जुन्या भिंतीला मिळते तेथे नुसता सिमेंटचा लेप देऊन चालत नाही. एक-दोन वर्षांत तो सुटतो. जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा काटकोनात वाकवून त्याची वरची कड भिंतीत खाच पाडून बसवावी आणि खालची कड नव्या छपरावर निदान सहा इंच यावी. जुनी वळचण नव्या छपरावर येत असेल तर ती आत दडपून न ठेवता एक फूटभर पुढे राहू द्यावी. दोन उतारांमध्ये पन्हळ येत असेल तर ती पातळ पत्र्याची न करता जाड पत्र्याची, अखंड आणि उताराची करावी. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूंची वळचण निदान दोन फूट बाहेर ठेवावी. पागोळ्या जेथे पडतात तेथे चिऱ्याची किंवा सिमेंटची गटारी करावी. नाहीतर उडालेले शिंतोडे जोत्याला भिजवीत राहतात.

परवानगी आणि संमती

लहान खोली आहे, कोण विचारतो, असे म्हणून चालणार नाही. गावात पंचायतीची परवानगी १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याखाली लागते. पेडणे, डिचोली आणि साखळी शहरांत नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. किनाऱ्यालगत किनारी नियमन क्षेत्राचे नियमही पाहावे लागतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे असतील तर त्यांची लेखी संमती आधीच घ्यावी. मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे, पण त्यांनीही कागदपत्रे नीट करून मगच काम सुरू करावे. सामायिक घराचे छप्पर बदलण्यावरून भाऊबंदकी सुरू झाल्याची उदाहरणे आपल्या गावांत शोधावी लागत नाहीत.

ठरवण्यापूर्वी

कामाला हात घालण्याआधी कुटुंबाने एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. जुनी वळचण किती फूट उंच आहे? नव्या खोलीची रुंदी किती? जुनी भिंत कशाची आहे आणि ती कोरडी आहे का? जुन्या छपराचे पाणी नव्या छपरावर येणार का आणि आले तर पुढे कुठे जाणार? खोलीत कोण राहणार? पुढे मजला चढवायचा आहे का? दरवर्षी छपरावर चढून बघणारे माणूस घरात आहे का, की घरी वयस्कर मंडळीच असतात?

उत्तरे लिहिली की निवड बहुधा आपोआप होते. वळचण उंच आणि रुंदी कमी असेल तर कौले. वळचण खाली, रुंदी जास्त आणि भिंत अशक्त असेल तर हलका पत्रा आणि त्याखाली छत. स्वतंत्र खांब घालण्याची ऐपत असेल आणि पुढे मजला चढवायचाच असेल तर स्लॅब. मातीची भिंत आणि मोकळे परस असेल तर वेगळी खोली. शाळा, मंदिरे आणि सभागृहे यांच्या वाढीव भागांसाठीही हीच रीत लागू आहे. तेथे मुलांना पावसाच्या आवाजात ऐकू येईल का, हा एक प्रश्न जास्त विचारावा.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. सुट्टीत आपल्या घराच्या छपराची लांबी-रुंदी मोजा, वळचणीची उंची घ्या आणि पावसाळ्यात किती लिटर पाणी त्यावर पडेल ते काढा. एखाद्या सरीच्या वेळी छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा आणि पाणी कुठून कुठे जाते त्याचा नकाशा काढा. मग तो नकाशा घरातील मोठ्यांना दाखवा. नवी खोली काढायची असेल तर गवंडीमामांनाही तो उपयोगी पडेल.